नाताळगीते, न्यू एज वाद्यसंगीतातील

पारंपरिक नाताळगीतांच्या चाली गायनाविना, बहुधा पियानो, गिटार, हार्प किंवा सिंथेसायझरवर वाजवून केलेली न्यू एज शैलीची, म्हणजे मन निवांत करणाऱ्या संथ संगीताच्या धाटणीची, ध्वनिमुद्रणे. १९८० च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार रूढ झाला. आरंभ म्हणून मॅनहाइम स्टीमरोलर या वृंदाचा १९८४ चा नाताळ-अल्बम घेता येईल. मात्र जॉर्ज विन्स्टन (१९४९–२०२३) यांचा निव्वळ पियानोचा ‘डिसेंबर’ हा अल्बम १९८२ चा आहे आणि या शैलीचा शांत, दोन सुरांमध्ये मोकळी जागा ठेवणारा बाज त्यातच प्रथम ठसठशीत दिसतो. तो काढणारी विंडहॅम हिल ही कंपनी विल्यम ॲकरमन व ॲन रॉबिन्सन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. विन्स्टन स्वतः आपल्या वादनाला ‘ग्रामीण लोकपियानो’ म्हणत; न्यू एज हे नाव त्यांना रुचत नसे.

‘डिसेंबर’मधील ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ (घंटांचे नाताळगीत) याची चाल मुळात नाताळची नाही. युक्रेनचे मिकोला लिओंतोविच (१८७७–१९२१) यांनी ‘श्चेद्रिक’ या नववर्षाच्या लोकगीतावरून ती समूहगायनासाठी बांधली. मूळ गीतात भिंगरी पक्षी घरात येतो आणि घरधन्याला कोकरे पाहायला बाहेर बोलावतो. रचनेचे वर्ष १९१६ असे पुष्कळदा दिले जाते, पण ते कीव्हमधील जाहीर गायनाचे वर्ष होय. लिओंतोविच यांनी तिचे अनेक खर्डे केले असल्याने रचना त्याआधीपासून सुरू होती असे मानणे सयुक्तिक. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाइली गेली. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हौस्की यांचे, १९३६ चे.

सारी चाल चार सुरांच्या एका तुकड्यावर उभी आहे: कोमल ग, रे, कोमल ग, सा. पहिला आणि शेवटचा सूर एकेक मात्रेचा, मधले दोन अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे. एकूण तीन मात्रा. तुकडा फिरत राहतो, भोवतीचे सूर बदलतात. शब्द वगळले की घंटा जातात, कोकरेही जातात, हे आवर्तन तेवढे उरते. वाद्यांवर ही चाल इतकी खुलते ती यामुळेच.

मॅनहाइम स्टीमरोलरचे चिप डेव्हिस जुन्या युरोपीय वाद्यांना सिंथेसायझरची जोड देतात. त्यांचे ‘डेक द हॉल्स’ इतके दणकेबाज आहे की त्याला न्यू एज म्हणणे अवघडच. विंडहॅम हिलने १९८५ पासून अनेक वादकांची संकलने काढली. त्या मालिकेच्या नावात नाताळ नाही, हिवाळ्यातील अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, आहे.