आयडल फी व चार्जिंग स्टेशनवरील रीतभात (खानदेश)

सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर चार्जिंग संपल्यानंतरही गाडी जागेवरून न हलवणाऱ्याकडून मिनिटांच्या हिशेबाने घेतला जाणारा आकार म्हणजे आयडल फी. वापरलेल्या विजेशी तिचा संबंध नसतो. अडवलेल्या जागेचे ते भाडे असते. नंबर कसा लावायचा, बॅटरी किती टक्के भरली की उठायचे, दुसऱ्याच्या गनला (गाडीत लावायच्या चार्जरच्या प्लगला) हात लावायचा की नाही, याबाबत चालकांमध्ये जी रीत रुळते आहे तिचा विचार आयडल फीपासून वेगळा करता येत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत तर ही रीतच जास्त कामाची ठरते.

त्याचे कारण खानदेशातले रस्ते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे स्थानिक गाड्यांच्या जोडीला नाशिक, इंदूर, सुरत, नागपूरकडच्या गाड्याही इथेच थांबतात. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्टेशन असावे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. पण अंतरापेक्षा गनांची संख्या महत्त्वाची. मोठ्या शहरात एक गन अडली तर माणूस दुसऱ्या चौकात जातो; इथे एक-दोन गनांच्या स्टेशनवर एक गाडी अडून राहिली की पुढचा पर्याय पुढच्या गावात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा असेल, तर पुढच्या गावाचा भरवसाही धरता येत नाही, कारण चढावर चार्ज भराभर उतरतो.

ऐंशी टक्क्यांना उठावे, हा या रीतीतला पहिला नियम. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की तिचा व्होल्टेज मर्यादेजवळ पोहोचतो आणि गाडी स्वतःच करंट कमी घेऊ लागते. साठ किलोवॉटची गन असली तरी नव्वद टक्क्यांच्या पुढे त्यातला थोडाच भाग आत जातो. बऱ्याच गाड्यांत शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नास-साठ टक्क्यांइतका वेळ लागतो. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. बॅटरी तापली की गाडी तिला जपण्यासाठी चार्जिंगचा वेग उतरवते, म्हणून हिवाळ्यात चाळीस मिनिटांत होणारे काम उन्हाळ्यात लांबते. काही चार्जरवर दोन्ही गन लागल्या की शक्ती वाटली जाते आणि शेजारच्या गाडीचा वेळही वाढतो. रांगेत उभ्या असलेल्याने हे सगळे लक्षात घेऊनच समोरच्याला विचारावे: ‘दादा, किती टक्के झाले? कुठवर जायचंय?’

या दुसऱ्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. शहाद्याहून तोरणमाळला किंवा धडगावकडे सातपुड्यात चढणाऱ्या गाडीने शंभर टक्के भरून घेणे हा शहाणपणा आहे, हट्ट नव्हे. अशा चालकाने मागच्यांना तसे आधीच सांगावे. कारण कळले की माणसे थांबतात.

आयडल फीचा प्रसार टेस्ला कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये सुरू केलेल्या आकारणीमुळे झाला. चार्जिंग संपल्यावर अमेरिकेत मिनिटाला ४० सेंट, आणि पाच मिनिटांत गाडी हलवली तर माफी, असा तो नियम होता. पुढे त्यात सुधारणा झाली: स्टेशन निम्मे भरलेले असेल तरच आकार, पूर्ण भरलेले असेल तर दुप्पट. ही सुधारणा मूळ नियमाहून मोलाची आहे. रिकाम्या स्टेशनवर रात्री दोन वाजता झोपलेल्या चालकाने कोणाचेच नुकसान केलेले नसते. भारतात प्रत्येक कंपनीचे दरपत्रक वेगळे असल्याने आकार आहे का, किती आहे आणि सवलतीची मिनिटे किती, हे गन लावण्यापूर्वी ॲपमध्ये पाहावे लागते.

फीचे घड्याळ चालते ते चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यातल्या संदेशांवर. त्यासाठीची ओसीपीपी ही संदेशपद्धती जगभर वापरली जाते. तिच्या १.६ या आवृत्तीत गाडीने वीज घेणे थांबवले की ‘सस्पेंडेड ईव्ही’, व्यवहार संपला पण गन अजून गाडीतच आहे तोवर ‘फिनिशिंग’, आणि गन निघाली की ‘अव्हेलेबल’ अशा अवस्था असतात. फी मधल्या वेळेची.

नेमकी इथेच तिची मर्यादा उघडी पडते. ज्याने गनच लावली नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. खानदेशच्या उन्हात चार्जरवरचे छप्पर ही दुपारची सर्वांत चांगली सावली असते आणि त्या सावलीसाठी डिझेलची गाडी खुशाल चार्जरसमोर लावली जाते. हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी चार्जिंग न करता तिथे उभी असेल तरी परिणाम तोच. दोघांनाही दंड होत नाही, आणि चार्जिंग करून दहा मिनिटे उशिरा आलेल्याला मात्र होतो. हा अन्याय फी वाढवून सुटणार नाही. चार्जरशेजारी साध्या पार्किंगलाही सावली करणे आणि हॉटेलच्या माणसाला गाडी हलवायला सांगण्याचा अधिकार देणे, हे उपाय अधिक उपयोगी आहेत.

महामार्गावरचे अनेक चार्जर हॉटेलच्या आवारात असतात. शेवभाजी-भाकरीचे जेवण आणि चार्जिंग एकाच वेळी संपेल असे नाही. म्हणून डॅशबोर्डवर दिसेल अशी फोन नंबरची चिठ्ठी ठेवण्याची पद्धत चांगली. फोन आला की हातातला घास संपवून उठायचे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारात ट्रॅक्टर नंबर लावतात आणि माल उतरला की वाट मोकळी करतात. चार्जरवरची अपेक्षा याहून वेगळी नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि लग्नसराईत पुण्या-मुंबईच्या, सुरतेच्या गाड्या गावी येतात. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात जेवढे चार्जिंग होईल तेवढे घेऊन त्या निघतात आणि परतीच्या दिवशी महामार्गावर एकदम गर्दी होते. अशा दिवशी ऐंशीचा नियम कसोशीने पाळावा लागतो.

दुसऱ्याच्या गाडीची गन ओढून काढू नये. सीसीएस-२ या जोडणीच्या पद्धतीत ती गाडीच्या सॉकेटमध्ये खटक्याने अडकवलेली असते आणि मालकाने मोकळी केल्याशिवाय निघत नाही. जोर लावला तर खटका तुटतो. चार्जरवरचे लाल बटण केवळ धोक्याच्या वेळेसाठी असते. ते दाबले की पूर्ण यंत्र बंद पडू शकते, आणि ते परत सुरू करायला काही ठिकाणी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते, तोवर दाबणाराही अडकतो. काम झाल्यावर गन खाली न टाकता जागेवर अडकवावी. जमिनीवर पडलेल्या गनमध्ये धूळ शिरते आणि तिच्यावरून चाक जाते.

वीज गेल्यावर किंवा नेटवर्क तुटल्यावर चार्जर कधीकधी ‘फिनिशिंग’मध्येच अडकतो आणि गाडी निघून गेल्यावरही आकारणी चालू राहू शकते. म्हणून गन जागेवर ठेवताच वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढावा, ॲपमध्ये व्यवहार बंद झाल्याचे पाहावे आणि मगच गाडी रस्त्याला लावावी. तक्रार करताना हा फोटो आणि व्यवहाराचा क्रमांक जोडला की पैसे परत मागणे सोपे जाते.