सेल्फ फिरत नाही? आधी लिव्हर बघा

आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बसवलेली) सुरू झाली नाही की पहिला हात जातो झाकणाकडे आणि दुसरा प्लगच्या पान्याकडे. इंजिन मात्र कित्येकदा ठणठणीत असते. अडलेले असते ते चालकाच्या हाताशी: किल्लीत, गिअरच्या लिव्हरमध्ये नाहीतर किल स्विचच्या क्लिपच्या लाल दोरीत (चालक पडला की ही क्लिप निघते आणि इंजिन बंद होते). म्हणून झाकण उघडण्याआधी किल्ली फिरवा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडपर्यंत (बॅटरीचा जाड करंट सेल्फला जोडणारा विजेचा खटका) पुरेसा करंट पोहोचत नाही. नुसतीच ‘टक’ ऐकू आली, तर करंट पोहोचतोय. संशय बॅटरीच्या टोकांवर, जाड केबलवर किंवा सोलेनॉइडवर घ्या. बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास असावी. सेल्फ मारताना ती 9.5 च्या खाली गेली तर आधी तिचा बंदोबस्त करा. आणि सेल्फ झोकात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर आधी किल स्विच तपासा, मग पेट्रोल आणि चोक.

पहिली स्थिती, म्हणजे पूर्ण शांतता, सगळ्यात जास्त चकवते. किल्लीकडून सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार वाटेत न्यूट्रल स्विचमधून जाते; गिअर पडलेला असताना सेल्फ फिरू न देणे हे त्याचे काम. मर्क्युरी, जॉन्सन, एव्हिनरूड या कंपन्यांच्या मोटरींत ही तार पिवळी-लाल असते, यामाहामध्ये तपकिरी. बाजूला बसवलेल्या, लिव्हर असलेल्या कंट्रोल बॉक्समध्ये हा स्विच बहुधा आतच असतो. लिव्हर न्यूट्रलला आला की आतला उंचवटा त्याचे बटण दाबतो आणि सर्किट जुळते. उंचवटा झिजला किंवा स्विच जागेवरून सरकला, तर लिव्हर न्यूट्रलला दिसूनही बटण पुरते दाबले जात नाही. अशा वेळी किल्ली ‘स्टार्ट’वर धरून लिव्हर केसभर मागे-पुढे हलवा, गिअर पडू न देता. एखाद्या जागी सेल्फने उचल घेतली तर चोर सापडला. खात्रीसाठी बॅटरी सोडा, स्विचच्या दोन्ही तारा सुटवा आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून लावा: न्यूट्रलला बीप, पुढच्या-मागच्या गिअरला शांत.

खाऱ्या हवेत आणखी एक खोडी होते. सोलेनॉइडच्या गुंडाळीचा रोध समजा 3 ओहम आहे. वाटेतल्या कनेक्टरवर हिरवट थर चढून 2 ओहमची भर पडली, तर 12 व्होल्टपैकी गुंडाळीच्या वाट्याला 7.2 च येतात आणि लोखंडी दांडा खेचायला ते कित्येकदा पुरत नाहीत. आता तीच तार सोलेनॉइडवरून काढून मल्टिमीटरने मोजा: पूर्ण 12 व्होल्ट! मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे त्याला ती अडचण दिसत नाही. त्यापेक्षा मोटारसायकलचा 21 वॅटचा बल्ब त्या तारेच्या टोकाला आणि अर्थला जोडून किल्ली फिरवा. बल्ब मिणमिणला तर कनेक्टर उघडून साफ करा. मालवण-तारकर्लीसारख्या किनाऱ्यावर रोज फवारा खाणाऱ्या बोटींना हा बल्ब मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बॉक्समधला स्विच लिव्हर कुठे आहे ते ओळखतो. खाली गिअरपेटीत काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. लिव्हरपासून गिअरपेटीपर्यंत जाणारी शिफ्ट केबल ताणली गेली किंवा तिचे समायोजन बिघडले, तर लिव्हर न्यूट्रलला, सेल्फ राजी आणि पंखा (प्रोपेलर) मात्र गिअरमध्ये असे घडू शकते. म्हणून किल्ली बंद करून, क्लिप काढून पंखा हाताने फिरवा. तो दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. अडला तर आधी केबल, मग बाकीचे. न्यूट्रल स्विचच्या दोन तारा पिळून जोडणे हा किनाऱ्यावरचा आवडता ‘जुगाड’. पंख्याजवळ पाण्यात माणसे असतात तिथे तो करूच नये.

किल स्विचचा हिशोब नेमका उलटा. न्यूट्रल स्विच जुळला तर इंजिन फिरते. किल स्विच जुळला तर बंद पडते, कारण तो इग्निशनचा करंट अर्थला उतरवतो. म्हणजे क्लिप जागेवर असताना मीटर शांत हवा आणि क्लिप काढल्यावर बीप. क्लिप अर्धवट बसली, किंवा स्विचमध्ये मीठ साचून वाट तयार झाली, तर सेल्फ जोरात फिरतो आणि ठिणगी पडत नाही किंवा दुबळी पडते. तपासायला स्टॉपची तार (किल स्विचकडून इग्निशनकडे जाणारी; मर्क्युरीत काळी-पिवळी, यामाहात पांढरी) इंजिनाजवळ घटकाभर सोडवा. ठिणगी परतली तर स्विच बदला. तार सुटलेली असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही, एवढे ध्यानात असू द्या; कार्बोरेटरचे इंजिन चोक पूर्ण ओढून घुसमटवता येते. अमेरिकेत तर 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटी वेगात चालवताना ही दोरी लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

किल्लीचा स्विच बिघडला म्हणून गाडीचा स्विच बसवणे ही महागात पडणारी चूक. गाडीचा स्विच ‘ऑन’ला 12 व्होल्ट पुढे पाठवतो, मॅग्नेटो इग्निशनचा (ठिणगीची वीज इंजिनच तयार करते असा) स्विच ‘ऑफ’ला स्टॉपची तार अर्थला जोडतो. स्टॉपच्या तारेत 12 व्होल्ट शिरले की सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकते.

चोकचे थोडक्यात. काही मोटरींत किल्ली फिरवताना आत दाबली की चोक लागतो. थंड इंजिनाला तो हवा. तापलेल्याला दिला तर प्लग ओले होतात. ओले झाले असतील तर चोक काढा, लिव्हरवरचे ‘थ्रॉटल ओन्ली’ बटण दाबून गिअर न पडता थ्रॉटल उघडा आणि सेल्फ मारा. एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त नको. मग दोन मिनिटे सेल्फला थंड होऊ द्या. इंजिनने पकड घेताच थ्रॉटल खाली आणा.

हँडलवाल्या छोट्या मोटरीत विजेऐवजी यांत्रिक अडसर असतो: गिअर पडलेला असेल तर ओढायची दोरी हलतच नाही. जोर लावाल तर दोरी तुटेल, म्हणून आधी गिअर काढा. दोरी तुटलीच, तर झाकण उघडून फ्लायव्हीलच्या (इंजिनावरच्या जड चाकाच्या) खाचेत गाठ अडकवून सुटी दोरी गुंडाळता येते. पण या वाटेने तो अडसर कामच करत नाही. गिअरमध्ये असलेली मोटरही सुरू होते आणि बोट उभ्या माणसाच्या पायाखालून पुढे उसळते.