हार्लेमच्या जुन्या चर्चमधला ऑर्गन: पार्श्वभूमी

नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात संत बावोच्या नावाची दोन चर्च आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. कॅथलिकांचे आजचे कॅथीड्रल 1895 नंतरचे. ऑर्गनसाठी, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजवायच्या भव्य वाद्यासाठी, ओळखले जाते ते बाजारचौकातले जुने चर्च. तेही 1578 पर्यंत कॅथलिकांचेच होते. त्या वर्षी सैनिकांनी ते लुटले आणि पुढे ते प्रोटेस्टंटांकडे गेले.

प्रोटेस्टंट धर्मगुरूंना ऑर्गन नको होता. चर्चमधले ऑर्गनवादन बंद व्हावे, असे डॉर्ड्रेख्ट या डच शहरातल्या 1574 च्या धर्मसभेने ठरवले होते. तरी हार्लेममध्ये वादन थांबले नाही. वाद्य शहराचे होते, वादकाचा पगार शहर देत होते. उपासनेच्या आधी, नंतर किंवा संध्याकाळी तो वाजवी आणि लोक ऐकायला जमत. ही परंपरा टिकली याचे श्रेय शहराच्या कारभाऱ्यांचे आहे, धर्मसभांचे नाही.

पुढे स्तोत्रगायनाला ऑर्गनची साथ मान्य झाली. शेकडो माणसांचा आवाज पेलणारे वाद्य हवे होते आणि शहराला प्रतिष्ठाही हवी होती. 1735 मध्ये सुरू झालेले नव्या ऑर्गनचे काम 1738 मध्ये पुरे झाले: हातांसाठी तीन स्वरपट (पट्ट्यांच्या रांगा), पायांसाठी एक, 60 स्टॉप (वेगवेगळ्या आवाजांचे नळ्यांचे संच), सुमारे 5000 नळ्या, सर्वांत खालचा सूर 32 फुटी नळीचा. हँडेल आणि मोझार्ट यांच्यासारख्या थोर संगीतकारांनी तो वाजवला.

खरा वाद 1959 ते 1961 च्या दुरुस्तीचा. त्याआधीच्या शतकभरातही फेरफार झाले होते, त्यामुळे काम आवश्यक होते, हे विरोधकही मान्य करतात. हे काम डेन्मार्कमधल्या कारागिरांकडे दिले गेले. पट्टीपासून नळीपर्यंतची यांत्रिक जोडणी नव्याने केली. तिच्याबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती नळ्यांच्या आवाजाला हात लावल्याची. त्या काळी उत्तर युरोपात ‘बरोक’ (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतशैलीचा) म्हणून एक विशिष्ट आवाज पसंत केला जाई: स्वच्छ, धारदार, नळीच्या पायाचे भोक मोठे ठेवून काढलेला. ती आवड विसाव्या शतकाची होती, 1738 ची नव्हे. समर्थक म्हणतात, या कामामुळेच वाद्य पुन्हा मैफलीच्या तोडीचे झाले. ते खोटे नाही. पण नळीचे तोंड किंवा भोक एकदा बदलले की मूळ आवाज अंदाजानेच परत आणावा लागतो, आणि तेव्हाच्या निर्णयात हा धोका पुरेसा तोलला गेला नाही, असे माझे मत आहे. आज ऐकू येणारा ऑर्गन अठराव्या शतकाइतकाच 1961 चाही आहे. ‘मूळ बरोक ऑर्गन’ हे वर्णन म्हणूनच जपून वापरावे.

या वादाला मोठा श्रोतृवर्ग आहे, कारण 1951 पासून हार्लेममध्ये ऑर्गनवरच्या उत्स्फूर्त वादनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते आणि जगभरचे वादक या वाद्यापुढे बसतात. शहराने नेमलेला वादक आजही आहे. वाद्यही शहराचेच असल्याने, 1961 चे बदल ठेवायचे की पुसायचे, हा प्रश्न शेवटी नगरपालिकेकडेच जातो.