खिडकी सरकते, सर्व्हरला पत्ताच नसतो

"चौघं जण एकाच वेळी फोटो बघतोय, खिडक्या उघडतोय, इकडच्या तिकडे सरकवतोय. हे सगळं त्या फडताळातल्या लॅपटॉपवर चालतं म्हणतोस ना? मग तो तापत कसा नाही?"

दिवाळीत वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरी मामांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून मला हे विचारलं. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या डेस्कटॉपबद्दल सगळीकडे जो गैरसमज आहे, तो नेमका यात सापडतो. म्हणून हा लेख.

आधी थोडं मागचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात कपाटातले अल्बम भिजले. फोटो एकमेकांना चिकटले. जे सुटे झाले ते आम्ही पंख्याखाली वाळवले आणि स्कॅन केले. साधारण अकराशे भरले. ते घरात कुणालाही, कुठल्याही फोनवरून किंवा संगणकावरून बघता यावेत म्हणून स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप मी कामाला लावला. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, केबलने राउटरला जोडला आणि मामांच्या फडताळात ठेवून दिला. झाला घरचा सर्व्हर, म्हणजे बाकीच्या यंत्रांना मागतील त्या फाइल पुरवणारा संगणक. वीज साधारण दहा वॅट खातो, म्हणजे महिनाभर अहोरात्र चालला तरी सात-सव्वासात युनिट. वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहेच.

राहिला प्रश्न वापरायचा कसा हा. मामांना नवं ॲप नको होतं. फोल्डरवर डबल क्लिक करायचं, खिडकी उघडायची, दुसरी उघडून शेजारी ठेवायची, दोन फोटो ताडून बघायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. म्हणून ब्राउझरमध्ये उघडणारा डेस्कटॉपच लिहायला घेतला. पत्ता टाकला की मागे सुरसागर तलावाचा फोटो, डावीकडे फोल्डर, खाली पट्टी. याला काही लोक 'वेब ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. हा शब्द मला मान्य नाही. मेमरी वाटून देणं, कुठल्या कामाला प्रोसेसर किती वेळ द्यायचा हे ठरवणं, डिस्क सांभाळणं, ही ऑपरेटिंग सिस्टिमची कामं खाली लिनक्स करतो. वर आहे ते एक वेबपान. अंगभर खिडक्या असलेलं, पण वेबपानच.

आता मामांचा प्रश्न. बहुतेकांची समजूत अशी असते की डेस्कटॉप तिकडे सर्व्हरवर चालतो आणि त्याचं चित्र इकडे येतं, टीव्हीवर क्रिकेटचा सामना दिसतो तसं. असा प्रकार आहेही, त्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. पण त्याचा हिशेब करून बघा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची स्क्रीन म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राचे साधारण ८३ लाख बाइट. सेकंदाला ६० चित्रं म्हटलं की जवळपास ५०० मेगाबाइट, दर सेकंदाला, आणि तेही एका माणसासाठी. घरच्या वायफायला हे झेपणारं नाही. म्हणून रिमोट डेस्कटॉपमध्ये चित्र दाबून लहान करावं लागतं, आणि ते दाबायचे कष्ट सर्व्हर करतो. तिथे लॅपटॉप तापलाच असता.

आमच्याकडे उलटं आहे. ब्राउझर पहिल्यांदा पान उघडतो तेव्हा खिडक्या स्क्रीनवर कशा रेखाटायच्या याचा प्रोग्रॅम एकदाच येतो. त्यानंतर सर्व्हर फक्त विचारलं तेवढंच देतो: या फोल्डरमध्ये काय आहे, हा फोटो दे. पाचशे फोटोंची यादी, म्हणजे नाव, तारीख आणि आकार, मिळून ५० किलोबाइटच्या आसपास होते. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात सयाजीरावांच्या काळापासून पुस्तकं रचून ठेवली आहेत, पण टेबलावर दोन पुस्तकं शेजारी ठेवायची की एकावर एक, हे वाचक ठरवतो. त्यासाठी कुणी ग्रंथपालाला हाक मारत नाही.

मामांना हे सांगून पटेना, तेव्हा मी त्यांनाच राउटरमधून लॅपटॉपची केबल काढायला लावली. त्यांच्या संगणकावर तीन खिडक्या उघड्या होत्या. तिन्ही सरकल्या. मागची पुढे आली, लहान-मोठी झाली, बंदही झाली. नवा फोल्डर उघडायला गेले तेव्हा मात्र रिकामी खिडकी आली आणि चक्र फिरत राहिलं. केबल परत लावली, यादी आली. सर्व्हर का तापत नाही याचं उत्तर या दोन मिनिटांत होतं: खिडकी रेखाटण्याचं काम मामांच्या समोरचं यंत्र करत होतं, आणि तापायचंच असेल तर ते तापणार.

मला खरी ओढ आहे ती याच्या पुढच्या भागाची. खिडकी सरकते म्हणजे नेमकं काय होतं?

एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात, आल्टो नावाच्या यंत्रावर जमवल्या गेल्या. हे यंत्र १९७३ चं. स्क्रीन ६०६ गुणिले ८०८ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा, म्हणजे एक बिट. तरीही एका स्क्रीनला सुमारे ६० किलोबाइट लागायचे आणि मूळ यंत्राची एकूण मेमरी होती १२८ किलोबाइट. जवळपास अर्धी स्क्रीनमध्येच गेली! म्हणून झाकलेल्या खिडकीचा लपलेला भाग कुठे साठवून ठेवायची सोयच नव्हती. मागची खिडकी पुन्हा नीट दिसायला हवी तर ती नव्याने रेखाटून घ्यावी लागायची. १९७९ मध्ये ॲपलची मंडळी तिथे भेट देऊन आली. त्यांच्यातले बिल ॲटकिन्सन यांची समजूत झाली की हे उघडे तुकडे तिथे आपोआप भरले जातात. तसं तिथे नव्हतं. पण तिथे जमलंय म्हणजे जमतंच, या भरवशावर त्यांनी ॲपलच्या लिसा संगणकासाठी त्याची रीत स्वतः शोधून काढली. विज्ञानाच्या इतिहासातली इतकी फलदायी चूक मला तरी दुसरी आठवत नाही.

आज मेमरीचा तुटवडा नाही, म्हणून ब्राउझर वेगळी युक्ती वापरतो. पान दाखवताना तो तीन कामं करतो. पहिलं मोजणी: कुठली गोष्ट कुठे बसेल, किती रुंद होईल. दुसरं रंगकाम: त्या जागी अक्षरं, रेघा, फोटो काढणं. तिसरं जुळणी: रंगवलेले थर एकावर एक ठेवून अंतिम चित्र करणं. काचांवर काढलेली चित्रं डोळ्यासमोर आणा. प्रत्येक खिडकी एका स्वतंत्र काचेवर असेल, तर ती सरकवायला पुन्हा मोजायला नको, रंगवायलाही नको. काच ढकलली की झालं. हे ढकलायचं काम ग्राफिक्स चिप करते, आणि ती त्यात तरबेज असते.

मी पहिल्यांदा हे नीट केलं नव्हतं. खिडकीची जागा मी 'लेफ्ट' आणि 'टॉप' (डावीकडून आणि वरून किती अंतर) या दोन आकड्यांनी बदलत होतो. ते बदलले की ब्राउझरला मोजणीपासून सुरुवात करावी लागते. माझ्या संगणकावर ते जाणवलं नाही, पण मामींच्या फोनवर खिडकी बोटामागून फरपटत यायची. त्याऐवजी 'ट्रान्सफॉर्म' ही रंगवलेली काच तशीच ढकलणारी सूचना वापरून तेच आकडे दिले आणि खिडकी बोटाला चिकटल्यासारखी चालू लागली. बदल एका ओळीचा, पण मोजणी आणि रंगकाम दोन्ही वाचले.

मग मी त्या यशाने वाहवत गेलो. खिडकीला काच दिली तर फोटोंच्या छोट्या चित्रांनाही द्यावी, असं म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र थर दिला. मामींच्या फोनवर टॅब आपोआप बंद पडायला लागला. हिशेब नंतर मांडला. २०० गुणिले २०० चं चित्र, पण फोनवर पानाच्या एका ठिपक्यामागे आडवे-उभे तीन-तीन ठिपके, म्हणजे प्रत्यक्षात ६०० गुणिले ६००, गुणिले ४ बाइट. एका चित्राला १४.४ लाख बाइट, अकराशे चित्रांना दीड जीबीच्या वर. ब्राउझर त्यात काटकसर करतो, पण अशी मागणी पुरी करायला तोही कमी पडतो. आता थर फक्त ओढल्या जाणाऱ्या खिडकीला मिळतो, आणि सोडली की काढून घेतला जातो.

वेळेचंही असंच. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो. नेहमीची स्क्रीन मात्र ६० वेळाच बदलते, दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. प्रत्येक निरोपाला खिडकी हलवली तर निम्म्याहून जास्त हालचाली कुणाच्या नजरेला पडतच नाहीत. म्हणून निरोप आला की आकडा नुसता टिपून ठेवायचा, आणि ब्राउझर 'आता पुढचं चित्र काढतोय' म्हणेल तेव्हा शेवटचा आकडा वापरायचा. यातली एक खोड शोधायला मला दोन रात्री लागल्या. मामांच्या पेन्शनची पीडीएफ उघडी असली की तिच्यावरून जाणारी दुसरी खिडकी मध्येच अडकायची. पीडीएफ हे पानाच्या आत बसवलेलं दुसरं पान. माउस त्याच्यावर गेला की त्याचे निरोप ते आतलं पान घेऊन टाकतं, बाहेरच्याला कळत नाही. उपाय सोपा निघाला: ओढणं चालू असेपर्यंत आतल्या पानांवर एक पारदर्शक पडदा टाकायचा.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी या सगळ्यावर मला 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर आणून दिला. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रातून किरणं निघतात, म्हणे. असले स्टिकर विकणारे लोकांच्या भीतीवर पोट भरतात, म्हणून स्पष्ट लिहितो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (अणू-रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) एक लाखाव्या भागाएवढी असते. शरीरातल्या रेणूंचे बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आणि हा सर्व्हर तर केबलवर आहे. दसऱ्याला मामी यंत्राची पूजा करतात त्याला माझी हरकत नाही. हळदकुंकू फक्त पंख्याच्या जाळीपासून दूर वाहावं, कारण ती पूड आत जाऊन बसते.

जपायचं ते वेगळंच आहे. फाइल मागताना कुणी नावात 'दोन टिंब आणि तिरकी रेघ' लिहिली, तर त्याचा अर्थ 'एक फोल्डर वर चढ' असा होतो. असं चार वेळा लिहिलं की माणूस फोटोंच्या फोल्डरबाहेर पडून अख्ख्या डिस्कवर फिरू शकतो. म्हणून आलेला पत्ता आधी पूर्ण उलगडायचा, तो फोटोंच्या फोल्डरमध्येच संपतो ना हे पाहायचं, आणि मगच फाइल द्यायची. आमचा सर्व्हर घराबाहेरून उघडतच नाही, तरी ही तपासणी आहे. आणि सगळ्या फोटोंची दुसरी प्रत एका सुट्या डिस्कवर तिसऱ्या मजल्यावर आहे.

दिवाळीत मावशी मामांकडेच होती. तिने फोनवरून फोटोंना नावं द्यायला घेतली, आणि शेजारच्या खोलीत मामांच्या स्क्रीनवर ती नावं आपोआप बदलताना दिसली. साध्या वेबपानात ब्राउझरने विचारावं आणि सर्व्हरने सांगावं, एवढंच घडतं. सर्व्हरला आपणहून बोलता यावं म्हणून मी वेबसॉकेट वापरलं. ही ब्राउझर आणि सर्व्हरमधली कायम उघडी राहणारी जोडणी, जिचे प्रमाण नियम डिसेंबर २०११ मध्ये ठरले. उत्तरायणात पतंगाची दोर हातात असते तसं हे आहे. दर वेळी वर बघून विचारावं लागत नाही, तिकडे ओढ बसली की इकडे बोटाला कळते. दोर बांधतानाचा विधीही सुरेख आहे. ब्राउझर १६ यादृच्छिक बाइटांपासून केलेली एक किल्ली पाठवतो. सर्व्हर तिला त्या नियमांत ठरलेली ३६ अक्षरं जोडतो, एसएचए-१ या गणिती रीतीने त्याचा छोटा सारांश काढतो, तो बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-अंकांत, लिहून १०१ या क्रमांकाच्या उत्तरासोबत परत देतो. यात गुपित काही नाही. समोरच्याला ही भाषा येते याची खात्री होते, इतकंच.

मावशीने एका फोटोला नाव दिलं, 'दसऱ्याची स्वारी'. मामांनी तेच शब्द शोधात लिहिले, तर फोटो सापडेना. दोन्ही नावं स्क्रीनवर हुबेहूब सारखी. आत डोकावलं तेव्हा कळलं की आपला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. मावशीचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, मामांचा दुसरी. युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीचे, स्वतःचे एकरूपतेचे नियम या दोघांना एक मानत नाहीत. मग शोधण्याआधी दोन्हींचं एकच रूप करणाऱ्या चार ओळी मी तिथेच बसून लिहिल्या. मामांनी पुन्हा शोधलं आणि फोटो उघडला. डाव्या कोपऱ्यात पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग होता, आणि त्याच्या शेजारी आजोबा फेटा बांधून उभे होते.