अंगणातली सकाळ घरात कशी आली

१८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवल्या आणि त्या वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडायला एक निवेदन तयार केलं. साधारण ५,५०० कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. आठवड्याला एक सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, पगार वेळेवर व्हावा, अशा मागण्या त्यात होत्या. आणखीही एक होती : गिरणी सकाळी ६.३० ला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला बंद व्हावी.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली आणि ती मिळवून देणारे म्हणून लोखंडे सगळ्यांना ठाऊक आहेत. साडेसहाची मागणी मात्र फारशी कुणाच्या आठवणीत नाही. मला ती फार मोलाची वाटते. उजेड असेल तेव्हा काम आणि अंधार पडला की घर, एवढंच त्या माणसांचं म्हणणं होतं. सकाळी उठून काय केलं म्हणजे दिवसभर तरतरी राहते, मन प्रसन्न राहतं, याची आज एवढी चर्चा चालते. त्या चर्चेची मुळं शोधत मागे गेलं की हाच उजेड पुन्हा पुन्हा भेटतो.

गिरण्यांच्या आधीची सकाळ मराठी भाषेत अजून जिवंत आहे. कोंबडा आरवला, शुक्राची चांदणी वर आली, झुंजुमुंजू झालं, तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं, उन्हं अंगणात आली. यातल्या एकाही शब्दाला घड्याळ लागत नाही. प्रत्येक शब्द आभाळाकडे बघून बोललेला आहे. आयुर्वेदातली दिनचर्याही तशीच सूर्याला बांधलेली. वाग्भटाने अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलंय, ते आज ‘पहाटे चारला उठा’ असं सांगितलं जातं. पण मुहूर्त ४८ मिनिटांचा असतो आणि ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो. म्हणजे मुंबईत तो मेअखेरीस साडेचारच्या आत लागतो आणि जानेवारीत साडेपाच उलटून गेल्यावर. ऋतूप्रमाणे तो तासाभराहून जास्त सरकतो. शिवाय वाग्भटाने हे ‘स्वस्थ’ माणसाला सांगितलंय, आजाऱ्याला नाही. आणि व्यायामही अर्ध्या शक्तीनेच करावा असं म्हटलंय. हे दोन्ही बारकावे सांगणाऱ्यांच्या तोंडून हल्ली गळून पडतात, आणि रात्रपाळी करून आलेला माणूससुद्धा आपण चारला उठत नाही म्हणून मनाला लावून घेतो.

पहाटेचे गोडवे गाणारं वर्णन वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो : आधी कोण उठायचं? घरची बाई. काकड आरती, भूपाळी, दारावर येणारा वासुदेव, हे सगळं खरंच. पण त्याही आधी जातं सुरू झालेलं असे. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या, एकीने मूठ सोडायची, दुसरीने ओढायचं आणि त्या लयीत ओवी यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढे गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एवढं काव्य त्या अंधारात जन्माला आलं, कारण दिवसभरात बाईला आपल्या मनाचं बोलायला तेवढीच वेळ मिळत होती. माझी आजी जात्याच्या आठवणी सांगायची तेव्हा तिच्या आवाजात हळवेपणा नसायचा. ती तळहात पुढे करून घट्टे दाखवायची आणि गावात पिठाची गिरणी आली तो दिवस सणासारखा वाटला म्हणायची. म्हणून जुनी सकाळ परत आणा, असं मी म्हणणार नाही.

मात्र त्या सकाळीत एक गोष्ट न मागता मिळत होती. दळण झालं की सडा, सडा झाला की रांगोळी, मग विहीर किंवा नदी, गोठा, परसदार. सूर्य वर येईपर्यंत घरातली बहुतेक माणसं तास-दीड तास उघड्यावर वावरलेली असत. कोवळं ऊन अंगावर घ्यायचं म्हणून कुणी वेगळं उठत नव्हतं. कामं करता करता ते अंगावर यायचं.

या सूर्याच्या वेळेला पहिला मोठा धक्का घड्याळाने दिला, आणि मुंबईने तो सहजासहजी सोसला नाही. शहराची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी रेल्वेची मद्रास वेळ शहरावर लादून पाहिली, ती अर्ध्या तासाने पुढे होती. लोकांनी एवढा विरोध केला की दोन वर्षांत माघार घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, साडेपाच तासांची. मुंबईच्या सूर्यापेक्षा ती ३९ मिनिटं पुढे. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी मागावर बसायला नकार दिला, गिरण्यांवर दगड पडले, शहरात १५ हजारांहून अधिक लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही.

३९ मिनिटांचं एवढं काय? इथे लोखंड्यांच्या निवेदनातली साडेसहाची वेळ पुन्हा काढून बघावी. मुंबईत जानेवारीत सूर्य उगवतो आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास, जुन्या मुंबई वेळेने ६.३५ ला. म्हणजे कामगारांनी मागितलेले साडेसहा हे हिवाळ्यातल्या सूर्योदयाला चिकटून होते. तेच साडेसहा नव्या घड्याळाने वाजले की बाहेर अजून काळोख. आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे येऊन कामाचे तास आधीच लांबलेले होते. त्यावरूनही दंगे झाले होते. भोंग्याचा आकडा तोच ठेवून माणसाची झोप पाऊण तासाने कापता येते, हे त्या लोकांनी अंगावर अनुभवलं होतं.

कापलेल्या झोपेवर उतारा म्हणून चहा आला असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही. आज चहाशिवाय मराठी सकाळ कल्पनेतही येत नाही, पण ही सवय फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची. त्याआधी न्याहारीला शिळी भाकरी, ताक, आंबील, कोकणात पेज. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी चहा-बिस्किटं घेतल्यावरून केवढं रण माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत कसं गेलं, हे सर्वश्रुत आहे. दोष मिशनऱ्यांच्या हातचं घेतल्याचा होता, तरी चहा त्या काळी रोजच्या घरगुती जेवणखाणातली वस्तू नव्हती हेही त्यातून कळतं. पुढे १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. कारखान्यांत चहाची सोय झाली, रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा ते दाखवण्यात आलं, आणि १९३० च्या दशकातल्या मंदीत परदेशी बाजार आखडल्यावर देशातल्या गिऱ्हाइकाकडे मळेवाल्यांचं आणखी लक्ष वळलं. दोन पिढ्यांत ‘चहा घेतल्याशिवाय डोळे उघडत नाहीत’ हे वाक्य घरोघर झालं.

डोळे उघडतात ते कॅफीनमुळे. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते झोपेची ओढ वाढवतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, त्याचा निरोप तेवढा अडतो. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणून सकाळचा कप सहसा नडत नाही, संध्याकाळी सहाचा नडतो. आणि या चहाच्या गोष्टीतला एक तपशील मला विसरता येत नाही : आसामातल्या चहाच्या मळ्यांवर आजही ‘बागान टाइम’ चालते, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. तिकडे सूर्य लवकर उगवतो, मग मळेवाल्यांनी उजेडासाठी घड्याळच हलवलं. आपल्याला अंधारात जागं करणारी पत्ती उजेडाच्या घड्याळाने खुडली जाते.

सकाळ पुन्हा उघड्यावर न्यायचा एक मोठा प्रयत्न साताऱ्याकडच्या औंध संस्थानात झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) तरुणपणी युजेन सँडो या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. संस्थानच्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले, मुलींसाठीसुद्धा. १९२८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. सूर्यनमस्कार आज जगभर योगवर्गांत शिकवले जातात त्यामागे या एका माणसाचा ध्यास फार मोठा आहे. चटई, आरसा, गाणी काही नको. पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. व्यायाम आणि कोवळं ऊन एकाच वेळी, ही त्यातली खरी गोम.

ही गोम शास्त्राला उलगडायला बराच काळ लागला. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसरात्रीच्या ठेक्यावर उघडत-मिटत राहिली. घड्याळ आतच आहे, याची ती पहिली खूण. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत त्या घड्याळाचा जनुक सापडला आणि त्याचं काम कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं हळू चालतं, दहा-बारा मिनिटांनी. ते रोज जुळवावं लागतं, आणि जुळवतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, किती उजेड आहे एवढंच मेंदूला कळवतात. त्यांचा शोध २००२ मध्ये लागला, म्हणजे अगदी परवा.

आता आकडे पाहा. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात शंभर ते तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ सकाळी बाहेर हजारो लक्स, स्वच्छ उन्हात तर पन्नास हजारांच्या पुढे. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही; आतल्या घड्याळाला जाणवतो. उजेडाचा मनाशी संबंधही कल्पनेतला नाही. १९८४ साली अमेरिकेत रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं आणि त्यावर तेजस्वी दिव्यापुढे बसण्याचा उपचार वापरला, तो आजही चालतो. अर्थात नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर हवा. गच्चीवर फेऱ्या मारून तो जाईल असं कुणाला सांगू नये.

आपली सकाळ मात्र एकेक पायरी आत येत गेली. अंगण गेलं, चाळीची गॅलरी आली. गॅलरीत निदान दात घासायला, पाणी भरायला, शेजाऱ्याशी बोलायला माणूस बाहेर उभा राहायचा. सातच्या सुमाराला आकाशवाणीच्या बातम्या एका घरात लागल्या तर सगळ्या मजल्याला ऐकू यायच्या. मग ब्लॉक आला, गॅलरीला ग्रिल बसलं, ती खोलीत घेतली गेली, नळ आत आला. सोयी झाल्या त्या हव्याच होत्या. पण आता जागं झाल्यापासून लोकलच्या डब्यात शिरेपर्यंत कित्येकांची नजर आभाळापेक्षा हातातल्या फोनच्या उजेडाकडेच असते, आणि तोच फोन रात्री उशिरापर्यंत झोप लांबवतो.

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं ठरवलं. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, नोकरीला जाणारे आईबाप, यांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही माणसाच्या झोपेसाठी घड्याळाने सरकावं हे सरकारने मान्य केलं, याचं मला मनापासून बरं वाटलं. खंत एवढीच की निर्णय चौथीपाशी थांबला. आतलं घड्याळ सर्वांत उशिरा धावतं ते वयात येणाऱ्या मुलांचं. विशीच्या उंबरठ्यापर्यंत ते पुढे पुढे सरकत जातं. तो आळस नसतो, वाढ असते. जानेवारीत आमच्या कोपऱ्यावर सहा वीसला आठवी-नववीची मुलं बसची वाट बघत उभी असतात. रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात, एखादं पोर दप्तराला टेकून उभ्या उभ्या पेंगत असतं, आणि सूर्य उगवायला पाऊण तासाच्या वर अवकाश असतो.