एका नातवाचं दोनदा बारसं : कुक घराण्यातल्या फुटीची पार्श्वभूमी

२६ जून १८६० रोजी अमेरिकी घोडदळातल्या लेफ्टनंट जेब स्टुअर्टला मुलगा झाला. त्याने पोराला सासऱ्याचं अख्खं नाव दिलं : फिलिप सेंट जॉर्ज कुक स्टुअर्ट. पुढे त्यानेच ते पुसलं आणि मुलाला स्वतःचं नाव दिलं. मधल्या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं होतं, दक्षिणेच्या राज्यांबरोबर व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं होतं आणि सासऱ्याने जावयाची बाजू घ्यायला नकार दिला होता.

सासरा कुक हाही व्हर्जिनियाचाच. १८०९ साली लीसबर्गला जन्म, १८२७ साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीची पदवी आणि तिथून पुढची सगळी हयात सरहद्दीवरच्या ठाण्यांत. मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, मॉर्मन पंथाच्या स्वयंसेवकांची पलटण घेऊन तो सांता फेहून सॅन डिएगोपर्यंत गेला आणि वाळवंटातून गाडीवाट काढली. याच दक्षिणेकडच्या वाटेने रेल्वे नेता यावी म्हणून १८५३ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोकडून जमीन विकत घेण्याचा करार केला. ज्या राज्यात तो क्वचितच राहिला, त्याच्याविषयी त्याला फारसं ऋण वाटलं नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. जून १८६१ मध्ये त्याने जाहीरच केलं : व्हर्जिनियाचं माझ्यावर थोडं ऋण आहे, देशाचं मोठं.

घरच्यांचा हिशेब मात्र वेगळा निघाला. मुलगा जॉन दक्षिणेच्या फौजेत गेला आणि ब्रिगेडियर जनरल झाला. मुलगी फ्लोराने १८५५ साली कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीत स्टुअर्टशी लग्न केलं होतं. तो दक्षिणेच्या घोडदळाचा नामांकित सेनानी ठरला. आणखी एक मुलगी मारिया, तिचा नवरा डॉ. चार्ल्स ब्रूअर दक्षिणेचा लष्करी डॉक्टर. मुलींपैकी एकट्या ज्युलियाचा नवरा, जेकब शार्प, सासऱ्याच्या बाजूचा. सासऱ्याच्या निर्णयावर स्टुअर्टचं म्हणणं असं, की त्यांना याचा पस्तावा एकदाच होईल, पण तो अखंड चालू राहील.

१८६२ च्या जूनमध्ये दोघे खरोखरच समोरासमोर आले. स्टुअर्टने सुमारे १,२०० स्वारांनिशी दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्याजवळ तळ ठोकलेल्या उत्तरेच्या सैन्याला पूर्ण वळसा घातला. त्याच्या पाठलागाची जबाबदारी कुककडे होती आणि जावई निसटला. ही नाचक्की पचते न पचते तोच २७ जूनला गेन्स मिलच्या लढाईत कुकने सोडलेला घोडदळाचा हल्ला फसला. तोफखान्याची घोडी या हल्ल्यानेच बिथरली, असा ठपका वरिष्ठ अधिकारी पोर्टरने ठेवला. पराभवाचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचंच होतं, असं हा प्रसंग वाचताना वाटत राहतं. त्यानंतर कुकला रणांगण दिसलं नाही. लष्करी न्यायालयं आणि सैनिकभरती यांसारख्या कामांतच त्याचं युद्ध संपलं.

स्टुअर्टला ११ मे १८६४ रोजी यलो टॅव्हर्नला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिचमंडमध्ये साडूच्या, म्हणजे डॉ. ब्रूअरच्या, घरी त्याने प्राण सोडला. फ्लोरा पोहोचेपर्यंत काही तास उलटून गेले होते.

युद्ध संपलं तरी कुक आणि त्याचा मुलगा जॉन या बाप-लेकाचा अबोला बरीच वर्षं टिकला. कुक १८७३ साली निवृत्त झाला आणि १८९५ साली डेट्रॉइटमध्ये वारला. फ्लोराने पुढे व्हर्जिनियात स्टाँटनला मुलींची शाळा चालवली आणि १९२३ साली मरेपर्यंत सुतकाचे काळे कपडे उतरवले नाहीत. मुलगा अखेरपर्यंत जेब स्टुअर्ट याच नावाने जगला. आजोबांचं नाव त्याच्याकडे परत आलं नाही.