देवालाही तेलाची अंघोळ: सोलापूरच्या कोरड्या थंडीची पार्श्वभूमी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या जत्रेत, अक्षता सोहळ्याच्या (त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या) आदल्या दिवशी, नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते आणि सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेल्या ६८ लिंगांना तेल लावलं जातं. याला यण्णीमज्जन म्हणतात. यण्णी म्हणजे कानडीतलं तेल, मज्जन म्हणजे न्हाण. विधी धार्मिक आहे. त्यात त्वचेचं शास्त्र शोधत बसण्यात अर्थ नाही. पण ऐन संक्रांतीच्या तोंडावर जिथे देवालाही तेलाचं न्हाण घालतात, तिथे थंडीत माणसांचा हात आधी तेलाच्या बुधलीकडे जायचा, यात नवल नाही.

आपली सोलापूरची थंडी तशी बेताचीच. पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, दुपारी पुन्हा तिशीकडे. दहा वाजता स्वेटर खांद्यावर येतो. छळते ती कोरडी हवा. जिल्हा पर्जन्यछायेतला, हिवाळ्यातलं वारं जमिनीवरून आलेलं, त्यात ओल कुठून असणार? दिवाळी सरते न सरते तोच पोटरीवर नखाने ओढलेली रेघ पांढरी उमटते, ओठ फुटतात, टाचा उलतात.

याच कोरड्या हवेत करडई येते. रब्बीला, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, ज्वारीच्या शेजारी. काटेरी असल्याने ती कडेने पेरली की गुरंही आत शिरत नाहीत. करडईच्या संशोधनाचं केंद्र सोलापुरातच आहे. तिच्या तेलात साधारण ७० टक्क्यांहून जास्त लिनोलिक आम्ल, म्हणजे एक स्निग्धाम्ल, असतं, आणि इथे गोष्ट रंगतदार होते. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्ण वगळलेला आहार दिला, तर त्यांच्या कातडीला खवले धरले. पुढे कळलं की त्वचेच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणाऱ्या स्निग्ध पदार्थांना लिनोलिक आम्ल लागतंच.

जुन्या पद्धतीत क्रम असा: आधी अंगाला तेल, मग उटणं किंवा डाळीचं पीठ, मग पाणी. पीठ वरचं तेल टिपून घेई, थोडं अंगावर राहू देई. क्रम बिघडला तो साबणाने. १८८८ मध्ये सनलाइटच्या वड्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, १८९५ मध्ये लाइफबॉय आला. पुढे साबण घरोघरी पोचला. मळ, घाम, रोगराई यांवर तो उपयोगीच होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. तो लावलेल्या तेलाबरोबर अंगचं तेलही धुऊन नेतो.

म्हणजे अंघोळीआधीचं तेल आता मोरीतच जाऊ लागलं, आणि अंघोळीनंतर काहीतरी लावायची गरज पडली. व्हॅसलीनचं पेटंट १८७२ चं, निव्हिया १९११ ची. बोरोलीन कलकत्त्यात गौरमोहन दत्तांनी १९२९ मध्ये, स्वदेशीच्या भरात आणलं. हो, बर दांपत्याच्या उंदरांचंच वर्ष. हिरवी ट्यूब नंतर आपल्याकडच्याही फडताळात आली. माझ्या मते हिवाळी क्रीमचा निम्मा धंदा साबणाने काढलेलं परत घालण्याचाच आहे.

त्यामुळे थंडी सुरू झाली की नवी बाटली घेण्याआधी साबण कमी करावा: काखा, जांघा, पाय, एवढ्यापुरता. पाणी कोमट, कढत पाणीही अंगचं तेल ओढतं. मग ओलसर अंगावरच, दोन-तीन मिनिटांत, तेल किंवा क्रीम. मुरुमं येणाऱ्यांनी चेहऱ्याला मात्र तेल चोपडू नये. टाचांसाठी कोकणातून आलेलं कोकम तेल रात्री वितळवून लावतात, ते अजूनही चांगलंच.

आणि टॉवेल. आपला सोलापुरी टेरी टॉवेल देशभर जातो, पण आपणच त्याने अंग खसाखसा घासतो. त्याचे फासे पाणी शोषण्यासाठी विणलेले असतात. टिपायचं, बस.